भिश्तीची मशक आणि पुतण्याची नाव

अकोल्याहून अकोटकडे निघालं की गांधीग्रामला पूर्णा लागते. श्रावणात कावडवाले राजराजेश्वरासाठी इथूनच पाणी भरून नेतात. मागच्या दिवाळीनंतर, पाणी निवळल्यावर, माझा पुतण्या तिथे काठावर एक नाव घेऊन बसला होता. नाव म्हणजे पाठीवरच्या पिशवीत घडी करून मावणारी, तीनेक किलोची. तिला पॅकराफ्ट म्हणतात. पंप मात्र पुण्याच्या खोलीवर राहिला होता. पोरगा तोंडानंच फुंकत सुटला. दहा मिनिटांत त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. शेजारी जाळं सुकवणारे एक बुजुर्ग म्हणाले, "काय बे, नाव फुगवून राह्यला का सोताले?"

हिशेब सोपा आहे. छाती भरून घेतलेला श्वास तीनेक लिटरचा आणि नावेच्या पोटात हवा लागते सुमारे २०० लिटर. म्हणजे साठ-सत्तर जोरदार फुंका. इतकं भराभर फुंकलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि डोकं गरगरतं. अशा अवस्थेत पाण्यात उतरणं धोक्याचं. सायकलचा पंपही इथे कामाचा नाही. तो थोडी हवा मोठ्या दाबानं कोंबण्यासाठी असतो. नावेला नेमकं उलट हवं असतं: हवा पुष्कळ, दाब अगदी कमी.

हे आपल्या जुन्या लोहारांना ठाऊक होतं. त्यांचा कातडी भाता आठवा. तोंडाला दोन काठ्या. उचलताना त्या फाकवायच्या, हवा आत येते. मग मिटून दाबायचं. भिश्तीची मशकही फुगवली की तरते. १५३९ साली चौशाच्या लढाईत हरलेला हुमायून बादशहा गंगेत बुडता बुडता वाचला, तो निजाम नावाच्या भिश्तीच्या फुगवलेल्या मशकीवर. पुढे बादशहानं त्याला थोडा वेळ तख्तावर बसवलं म्हणतात. पाणी वाहणाऱ्याला एवढा मान पुन्हा कुणी दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. इंग्रज नौदलातल्या पीटर हॅल्केटनं १८४०च्या दशकात अंगरख्यासारखी पांघरता येणारी रबरी कापडाची नाव केली, तीही खिशातल्या छोट्या भात्यानंच फुगायची. वल्ह्याला हातातली काठी आणि शिडाला छत्री!

पुतण्यानं घरी येऊन केली ती भात्याचीच धाकटी बहीण. फाटक्या रेनकोटच्या कापडाची, कमरेइतकी उंच पिशवी शिवली. शिवणीतून थोडी हवा निसटली तरी बिघडत नाही, कारण दाबच नसतो. खालच्या कोपऱ्यात ठिबकच्या नळीचा तुकडा बसवून ट्यूबच्या रबरी पट्टीनं घट्ट आवळला. संत्र्याच्या बागा असलेल्या मुलखात असा तुकडा कुठेही सापडतो. नळीचं दुसरं टोक नावेच्या तोंडात बसवायचं. पिशवीचं तोंड वाऱ्याकडे धरून झटका द्यायचा, चटकन पीळ घालायचा आणि पिशवी छातीशी घेऊन दाबायची. आठ-दहा वेळा केलं की नाव उभी राहते. शेवटचा ताठपणा तेवढा तोंडानं.

वारा नसला तरी अडत नाही. तोंड पिशवीला न चिकटवता वीतभर दूर ठेवून एकच लांब फुंकर मारा. फुंकरीचा झोत आजूबाजूची हवा ओढून आत नेतो आणि पिशवी एका श्वासाच्या कितीतरी पट भरते. मुलांना दाखवा, जादू वाटते त्यांना.

खताच्या पोत्याचं आतलं प्लास्टिक वापरायचं तर आधी धुऊन वाळवा. भुकटी नावेत गेली की निघत नाही. गाडीच्या धुरानं नाव फुगवण्याचा आचरटपणा कुणी करू नये. तो धूर विषारी आणि गरमही. गार पाण्यात आतली हवा आकसून नाव मऊ पडते, तेव्हा पाच मिनिटांनी पुन्हा थोडी भरावी लागते. उलट, ताठ भरलेली नाव अकोल्याच्या उन्हात टाकून जेवायला गेलात तर शिवण उसवलीच समजा.

१४ सप्टेंबर २०२१ला वरुड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटून ११ जण गेले. ती नाव फुगवायची नव्हती, पण नदी तीच आपली. म्हणून मी पुतण्याला अट घातली: पुरात नाही, एकट्यानं नाही, अंगात लाइफ जॅकेट नसेल तर मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी तो उतरला तेव्हा कासऱ्याचं एक टोक नावेला होतं आणि दुसरं त्या बुजुर्गांच्या हातात.