फिरत्या घराची अवजारपेटी : कापण्यासाठी काय ठेवावे?

मोटरहोम म्हणजे चाकांवरचे घर. पुढे ड्रायव्हरची सीट आणि मागे पलंग, ओटा, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, दिव्या-पंख्यासाठी वेगळी बॅटरी. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. व्हॅनला आतून घर करून देणे हे बॉडीवाले, सुतार, फॅब्रिकेटर आणि वायरमन यांचे काम, आणि या चारही धंद्यांत आपले कारागीर मोठ्या संख्येने आहेत. गाडी तयार करून दिली की गिऱ्हाईक एक प्रश्न हमखास विचारते : रस्त्यात काही तुटले तर पेटीत काय असावे? मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर जाऊन हाच प्रश्न विचारला तर शंभर नगांचा चकचकीत सेट पुढे येतो. त्यात पाने आणि सॉकेट भरपूर, पण कापण्याच्या नावाने एक बोथट चाकू आणि एक पक्कड. रस्त्यात अडचण येते ती बहुधा कापण्याचीच. गंजलेला बोल्ट फिरत नाही, तो कापावाच लागतो. लोंबकळणारा पत्रा कापल्याशिवाय गाडी पुढे जात नाही.

आमच्या मते पाच-सहा अवजारे पुरतात, मात्र प्रत्येक अवजार कोणत्या मालासाठी हे माहीत हवे.

पहिला मान हेक्साचा. फ्रेम कोणतीही चालेल, पण ती पाते ताठ धरणारी हवी. सगळे काम पात्यावर आहे. बारा इंची (३०० मि.मी.) पाते घेताना गिऱ्हाईक दातांची संख्या विचारत नाही आणि दुकानदारही सांगत नाही. एका इंचात १८, २४ किंवा ३२ दात असतात. नियम सोपा आहे : कापताना निदान तीन दात एकाच वेळी धातूवर टेकलेले हवेत. २४ दातांच्या पात्यात दोन दातांतील अंतर साधारण एक मिलिमीटर भरते. पातळ पत्र्यावर ते चालवले तर पत्र्याची कड दोन दातांच्या खाचेत अडकते आणि दात तुटतात. दोष पात्याला दिला जातो. जाड सळई आणि ॲल्युमिनियमच्या भरीव पट्टीला १८, अँगल आणि नेहमीच्या पाईपला २४, पातळ नळी व पत्र्याला ३२ असा हिशेब ठेवावा. पत्रा फारच पातळ असेल तर तो प्लायच्या दोन तुकड्यांत दाबून प्लायसकट कापावा, कड स्वच्छ येते.

पात्याचे दात पुढे, म्हणजे आपल्यापासून दूर तोंड करून बसवावेत, कारण हेक्सा ढकलताना कापतो. परत ओढताना जोर सोडावा. मिनिटाला चाळीस-पन्नास हात पुरे. घाईने घासल्यास पाते तापते, दात मरतात आणि काम उलट लांबते. पाते पूर्ण लांबीने चालवावे. नवशिका मधल्या चार इंचांवरच घासतो आणि उरलेले आठ इंच कोरे फेकून देतो. संपूर्ण कडक पोलादी पाते वाईसमध्ये घट्ट धरलेल्या कामाला उत्तम, पण रस्त्यावर गाडीखाली आडवे पडून कापताना हात वाकडा होतो आणि ते काचेसारखे मोडते. तिथे बायमेटल पातेच घ्यावे. त्याचे दात हायस्पीड स्टीलचे आणि पाठ लवचिक असते. महाग पडते, पण साध्या पात्यापेक्षा कितीतरी जास्त चालते. ॲल्युमिनियम कापताना पात्यावर मेणबत्ती फिरवली की दातांत चुरा भरत नाही.

पत्र्यासाठी कात्री. डबल सांध्याच्या, रंगीत मुठीच्या ज्या कात्र्या मिळतात त्यांतील रंग शोभेचे नाहीत. पिवळी सरळ कापते, लाल डावीकडे वळते, हिरवी उजवीकडे. पेटीत एकच ठेवायची तर पिवळी ठेवावी. साधा लोखंडी पत्रा १८ गेजपर्यंत कापावा, स्टेनलेसला २२ गेजच्या पुढे जाऊ नये. मूठ दाबली जात नाही म्हणून तिच्यावर हातोडी मारणारेही आम्ही पाहिले आहेत. त्यानंतर ती कात्री कागदही कापत नाही.

वायरसाठी साधा साईड कटर. त्याने तांब्याची वायर कापावी. स्प्रिंगची तार कापली की धारेला खाच पडलीच. घरगुती बॅटरीची जाड केबल मात्र साईड कटरने चिरडते, तारा पसरतात आणि थिंबलमध्ये नीट बसत नाहीत. तिला गोल जबड्याचा केबल कटर लागतो. केबलला हात लावण्यापूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह टोक आधी काढावे. जोडलेल्या केबलवर कटर चालवताना तो बॉडीला टेकला तर क्षणात लाल होतो.

पाण्याच्या प्लास्टिक पाईपला कात्रीसारखा पाईप कटर, रेक्झिन, फोम आणि दोरीला मोडत्या पात्यांचा कटर आणि सुटी पाती. बोल्ट कटर अठरा इंची असेल तर कुलूप, साखळी, पातळ सळई यांचे काम होते. कडक पोलादी कुलपावर मात्र त्याचा जबडाच फुटतो.

आता ग्राइंडर. चार इंची ग्राइंडर हा आपल्या कारागिराचा उजवा हात, पण फिरत्या गाडीत तो द्यावा की नाही याबद्दल आम्ही साशंक आहोत. ८०० वॅटचा ग्राइंडर इन्व्हर्टरवर चालवला तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून सत्तर अँपिअरच्या आसपास करंट खेचतो. रात्रीचे दिवे आणि फ्रिज त्याच बॅटरीवर असतात. दुसरे म्हणजे ठिणग्या. या गाडीत गॅसचा सिलिंडर असतो. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर वर न जाता तळाशी साचतो आणि वास येईपर्यंत ठिणगी पडलेली असते. चार्ज होणारी ॲसिड बॅटरीही हायड्रोजन सोडते. ग्राइंडर चालवायचाच तर सिलिंडर बंद करून, कापायची वस्तू गाडीबाहेर काढून, चष्मा लावून आणि गार्ड जागेवर ठेवून.

गार्डबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे. मोठी डिस्क बसावी म्हणून गार्ड काढणारे कारागीर जवळजवळ प्रत्येक गल्लीत भेटतात. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. सात इंची डिस्कवर कमाल ८,५०० च्या आसपास आकडा छापलेला असतो. म्हणजे ती डिस्क लहान यंत्रावर चढवताच तिची सोसण्याची हद्द ओलांडली जाते. ती फुटते तेव्हा तुकडा समोरच्या माणसाकडेच येतो. लाकूड कापायचे दातेरी चक्र ग्राइंडरवर लावणे त्याहून वाईट. ते लाकडात अडकले की यंत्र हातातून उसळते, आणि बोटे गेली की त्या हाताचा धंदाही गेला. कापायच्या डिस्कला मुदतही असते. चांगल्या डिस्कच्या मधल्या कडीवर महिना आणि वर्ष कोरलेले असते, बहुधा तयार झाल्यापासून तीन वर्षांचे. ओल लागलेली, पेटीत आदळून चीर गेलेली डिस्क मुदतीआधीच फेकावी. दुकानदारांनी जुना साठा स्वस्तात खपवू नये.

अवजारे पेटीत मोकळी टाकली की धक्क्यांनी एकमेकांच्या धारा मारतात. जाड कॅनव्हासचा, कप्पे शिवलेला, गुंडाळायचा रोल याला उत्तम. बॅग आणि ताडपत्री शिवणाऱ्या आपल्या कारागिरांनी हे काम जरूर हाती घ्यावे. गाडी बनवणाऱ्याशी बोलून मापे घेतली की प्रत्येक गाडीमागे एक रोल विकला जाईल. कोकणच्या खाऱ्या हवेसाठी तेलाचे फडके आणि पेटीत दोन-चार खडू ठेवावेत. खडू ओल शोषतात. सीट बेल्ट कापण्याचा छोटा आकडेवजा कटर मात्र पेटीत नको, तो ड्रायव्हरच्या हाताशी बांधावा. अपघातात पेटी मागे राहते.

शेवटी नाक्यावरची गोष्ट. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रे येतात, मात्र घरगुती, शेतीच्या किंवा उद्योगाच्या कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. पण सणासुदीच्या किंवा निवडणुकीच्या काळात पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली मनाईचे हुकूम निघतात आणि सीटखाली सुटा पडलेला सुरा कशासाठी, हे समजावण्यात अर्धा दिवस जातो. म्हणून धारेच्या सर्व वस्तू बंद पेटीत असाव्यात, बटणाचा चाकू पेटीत नसावाच, त्याचे तिथे काही काम नाही. आणि पेटी विकणाऱ्याने बिलावर ‘टूल सेट १ नग’ असे मोघम न लिहिता हेक्सा, कात्री, कटर अशी प्रत्येक वस्तू वेगळी लिहून द्यावी. गिऱ्हाइकाने ते बिल गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावे.