कोपऱ्यावरचा गडी मध्ये आणताना: 'अष्टपैलू' मोजायचं कसं?

पीएच.डी.च्या प्रवेश मुलाखतीची तयारी करणारी एक ज्युनियर मध्यंतरी भेटली. शारीरिक शिक्षणाची विद्यार्थिनी, स्वतः कबड्डी खेळलेली. तिचा विषय होता, 'एकाच जागेवर तयार झालेल्या बचावपटूचा सर्वांगीण विकास'. मी तिला एवढंच विचारलं, "विकास झाला हे कशावरून ठरवणार?" तिने उत्तर दिलं, "पकडी वाढतील ना." हे उत्तर ऐकायला बरोबर वाटतं. पण मुलाखतीत पुढचे चार प्रश्न नेमके याच उत्तरातून निघतात, म्हणून आज जरा त्याच्याच मागे लागू.

आधी खेळ समजून घेऊ. सात बचावपटू एकमेकांचे हात धरून उभे असतात. दोन टोकांना डावा आणि उजवा कोपरारक्षक, आणि त्यांच्या आत मध्यरक्षक, म्हणजे कव्हर. कोपऱ्यावरच्या गड्याचं काम हल्ल्याचं. चढाईपटूने बोनससाठी किंवा स्पर्शासाठी पाय लांबवला की त्या घोट्यावर झेप घ्यायची. उशीर झाला तर हात रिकामा. कव्हरचं काम जवळपास उलटं आहे. कोपऱ्याने पाय धरेपर्यंत थांबायचं, मग धडक देऊन चढाईपटूला बाहेर ढकलायचं किंवा त्याची परतीची वाट अडवायची. कव्हर आधी सुटला तर मधली जागा उघडी पडते आणि एकाऐवजी दोन गडी बाद होतात.

म्हणजे एकाला वर्षानुवर्षं 'आधी हल' शिकवलेलं आणि दुसऱ्याला 'आधी थांब'. कोपऱ्याचा गडी कव्हरला आणला की त्याला धडक शिकवणं तसं सोपं असतं, महिनाभरात जमते. अवघड जातं ते चढाईपटूचा पाय पुढे आलेला दिसत असताना स्वतःला रोखणं. मानसशास्त्रात याला प्रतिसाद-निरोध म्हणतात. नवीन कौशल्य मिळवणं आणि जुना, पक्का बसलेला प्रतिसाद आवरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रस्तावात त्या एकत्र केल्या की पुढे निष्कर्षाचा गोंधळ होतो.

हाच प्रश्न अमेरिकन फुटबॉलमध्ये फार जुना आहे. तिथे बचावफळीच्या टोकाला उभा राहणारा 'पास रशर' असतो. चेंडू हलला की समोरच्या धिप्पाड खेळाडूला चुकवून क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचायचं, एवढंच त्याचं काम. त्याला सर्वांगीण करायचं ठरवलं की कधी धावत येणारा चेंडूधारक अडवायचा आणि कधी चक्क मागे सरकून पास झेलणाऱ्यावर लक्ष ठेवायचं, हेही त्याला करावं लागतं. इथेही मूळ अडचण तीच: पुढे झेपावणाऱ्याला थांबायला आणि वाचायला शिकवणं. खलील मॅकला 2015 मध्ये एकाच हंगामात दोन वेगवेगळ्या जागांसाठी ऑल-प्रो पहिल्या संघात निवडलं गेलं, याचं कौतुक झालं ते त्यामुळेच. माइका पार्सन्सचा प्रवास उलटा आहे. 2021 मध्ये डॅलसने त्याला लाइनबॅकर म्हणून घेतलं, आणि टोकाचा खेळाडू जखमी झाल्यावर तो त्या जागी जाऊन पास रशर झाला.

एक फरक मात्र लक्षात घ्या, कारण मुलाखतीत तुलना मांडलीत तर तो विचारला जाईल. अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन डावांच्या मध्ये हवे तितके खेळाडू बदलता येतात. त्यामुळे फक्त पास रोखायच्या वेळी आत येणारा तज्ज्ञ संघाला परवडतो. विरोधी संघाने घाईघाईत पुढचा डाव सुरू केला तरच तो मैदानात अडकतो. कबड्डीत बदली खेळाडू मोजके, आणि मुख्य म्हणजे गडी बाद होत जातात. सातचे पाच, पाचचे तीन. तीन उरले की कोपरा आणि कव्हर हा भेद पुसला जातो, जो उभा आहे त्याने सगळंच करायचं. नेमकं तेव्हाच यशस्वी पकडीला सुपर टॅकल म्हणून दोन गुण मिळतात. थोडक्यात, कबड्डीचे नियमच खेळाडूकडून अष्टपैलूपण मागतात. प्रो कबड्डीत इराणचा डावा कोपरारक्षक मोहम्मदरझा शादलू बचाव करता करता चढायाही करतो. 2024 मध्ये विजेत्या पुणेरी पलटणचा कर्णधार असलेला आपल्या शेजारच्या अहमदनगरचा, आता अहिल्यानगरचा, अस्लम इनामदार चढाईपटू असून पकडीतही असतो. संघांना असे गडी का हवे असतात, ते यावरून कळेल.

आता मोजमापाकडे. "पकडी वाढतील" यात पहिली अडचण छेदाची आहे. कव्हरने शहाणपणाने न केलेली पकड गुणपत्रकात कुठेच येत नाही. सामनाभर एकही चुकीची झेप न घेणारा आणि सामनाभर झोपलेला, दोघांच्या नावापुढे शून्यच दिसतं. म्हणून पकडींऐवजी प्रसंग मोजायचे. चढाईपटूने पाय लांबवला असा प्रत्येक क्षण हा एक प्रसंग, आणि त्या वेळी या खेळाडूने थांबायला हवं होतं की हलायला, हे दोन प्रशिक्षकांनी एकमेकांना न विचारता ठरवायचं. दोघांची सहमती कोहेनच्या कप्पाने तपासायची. मोबाइलवर चित्रण करणार असाल तर आधी हिशोब करा. सेकंदाला 30 चौकटी असतील तर एका चौकटीत सुमारे 33 मिलिसेकंद जातात, त्याहून बारीक फरकाबद्दल दावा करता येत नाही.

दुसरी अडचण सरावाच्या दिवशीच मोजण्याची. यात मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. नाशिकमधल्या एका मैदानावर संध्याकाळच्या सरावाला जाऊन मी नोंदी घेत होतो. दोन आठवडे रोज शेवटची दहा मिनिटं फक्त कव्हरची धडक. मुलं सुंदर करू लागली, मी खूश. मधे सुट्टी आली. परत आल्यावर पहिल्याच सराव सामन्यात तीच मुलं कोपऱ्यासारखी झेपावली. गाइडनी नोंदवही चाळली आणि विचारलं, "तू शिकणं मोजलंस की त्या दिवसाची कामगिरी?"

हा फरक 1979 मध्ये शे आणि मॉर्गन यांनी छान दाखवला होता. हाताने लाकडी अडथळे ठरावीक क्रमाने पाडायचे, असे तीन क्रम शिकवायचे होते. एका गटाने एक क्रम पूर्ण घोटून मग दुसरा घेतला, दुसऱ्या गटाने तिन्ही क्रम उलटसुलट मिसळून केले. सरावाच्या वेळी मिसळणारा गट मागे होता. 10 मिनिटांनी आणि 10 दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा तोच गट सरस ठरला. 1994 मध्ये हॉल आणि सहकाऱ्यांनी कॉलेजच्या 30 बेसबॉल खेळाडूंवर हे पाहिलं. आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे, प्रत्येक वेळी तीन प्रकारचे मिळून 45 जादा चेंडू. मिसळून खेळलेल्यांची सुधारणा सुमारे 57 टक्के, एकेक प्रकार घोटणाऱ्यांची 25, आणि जादा सराव न मिळालेल्यांची 6.

हे आकडे वाचून लगेच उड्या मारू नका. पुढे ब्रॅडीने 2004 मध्ये अशा अनेक अभ्यासांचं एकत्र विश्लेषण केलं, तेव्हा प्रयोगशाळेत दिसणारा परिणाम प्रत्यक्ष मैदानावर बराच कमी भरला. अगदी नवख्या मुलाला सगळं मिसळून दिलं तर तो गोंधळूनही जातो. माझं मत असं की कोपऱ्याच्या पक्क्या गड्याला कव्हरची मूलभूत धडक आधी स्वतंत्र द्यावी, आणि ती जमू लागली की लगेच 'कोपरा की कव्हर' हा निर्णय त्याच्यावर सोडणाऱ्या चढाया मिसळाव्यात. हे मत आहे, सिद्ध झालेलं नाही. नेमकं म्हणूनच तो संशोधनाचा प्रश्न होऊ शकतो.

तिसरी अडचण सगळ्यात चिवट: निवड. प्रशिक्षक कुणाला जागा बदलायला लावतो? ज्याच्यात त्याला आधीच काहीतरी दिसलेलं असतं त्याला. मग तो यशस्वी झाला यात सराव किती आणि मुळातली चुणूक किती? नामवंत खेळाडूंच्या गोष्टी (मीही वर सांगितल्याच) याबाबत काहीच सिद्ध करत नाहीत, कारण न जमलेल्यांची नावं आपल्यापर्यंत येतच नाहीत.

"पण सर, आमच्या क्लबात कोपरारक्षकच तीन आहेत, गट कुठून पाडू?" हा तिचा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त होता. तीनांवरही काम होतं. तिघांच्या नोंदी एकाच दिवशी सुरू करा, पण मिसळलेला सराव वेगवेगळ्या वेळी द्या. पहिल्याला चौथ्या आठवड्यापासून, दुसऱ्याला सहाव्या, तिसऱ्याला आठव्या. प्रत्येकाचा आलेख स्वतःचा सराव सुरू झाल्यावरच वळला, तर वय, हंगाम किंवा नवीन मॅट यांच्यावर श्रेय ढकलणं कठीण होतं. तिघांचाही एकदमच वळला, तर तुमच्या सरावाखेरीज दुसरंच काहीतरी घडलंय. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, प्रशिक्षकाला ठरवू देऊ नका. कारण वरचीच, निवड.

आणि जुनं काम मोजायला विसरू नका. कव्हर शिकताना घोट्याची झेप अर्ध्या क्षणाने मंदावली, तर संघाने एक चांगला कोपरा गमावून एक बरा कव्हर मिळवला. त्याला अष्टपैलू म्हणायचं का? दोन्ही जागांचे प्रसंग पहिल्या दिवसापासून वेगवेगळ्या रकान्यांत लिहा, आणि सराव थांबल्यावर दोन-तीन आठवड्यांनी एकदा परत मोजा.

ज्युनियरने विषय बदललाय. आता शीर्षकात 'सर्वांगीण विकास' नाही. 'कोपरारक्षकांचा निर्णय: मिश्र सरावाचा थांबण्याच्या अचूकतेवर परिणाम' असं काहीतरी आहे, शब्दरचना अजून चालू आहे. मुलाखत पुढच्या महिन्यात आहे, आणि सध्या ती स्टँड लावून मोबाइल नेमका कुठे ठेवला म्हणजे दोन्ही कोपरे एका चौकटीत येतात, हे शोधत मैदानाभोवती फिरते आहे.