शोधणें व बदलणें : एक सांकेतिक रीति

आमच्या शाळेच्या जुन्या वार्षिक अंकांतील लेख विद्यार्थ्यांकडून संगणकावर उतरवून घेण्याचें काम चालूं आहे. १९६२ सालच्या लेखननियमांनीं अनुच्चारित अनुस्वार गेले. तेव्हां जुने ‘हातांत’, ‘वर्गांत’ हे शब्द आतां ‘हातात’, ‘वर्गात’ असे छापावयाचे. (आम्हांस स्वतःस जुनेंच वळण प्रिय, हें वाचकांनीं ओळखलें असेलच.)

हें सर्व हातानें बदलण्याऐवजीं संगणकास चार ओळींची आज्ञावली, म्हणजे स्क्रिप्ट, लिहून देतां येते. तींत शब्द न सांगतां शब्दाचा सांचा सांगतात. त्यास रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. मूळ कल्पना स्टीफन क्लीनी ह्या गणितज्ञाची. तीवरून मजकूर शोधण्याची रीति केन टॉम्प्सन ह्यांनीं १९६८ सालीं प्रसिद्ध केली. पुढें १९८७ सालीं जिच्यांत ह्या सांच्यांस मानाचें स्थान आहे ती पर्ल भाषा लॅरी वॉल ह्यांनीं रचिली. हे गृहस्थ मुळांत बायबलच्या भाषांतराच्या हेतूनें भाषाशास्त्र शिकले होते.

सांच्यांत बिंदु म्हणजे कोणतेंही एक चिन्ह. चौकोनी कंस म्हणजे त्यांतील कोणतेंही एक. मात्र संगणकाच्या लेखीं ‘कि’ हें एक नव्हे, ‘क’ आणि वेलांटी अशीं दोन चिन्हें आहेत.

आमच्या मुलांनीं प्रथम ‘काना, अनुस्वार, त’ एवढाच सांचा दिला. ‘हातांत’ सुधारला, पण ‘शांत’चें ‘शात’ झालें आणि ‘सांत्वन’चें ‘सात्वन’! मूळ प्रतीवरच आज्ञा चालविल्यामुळें एका दिवसाचें श्रम वायां गेले. मग शेवटीं शब्द संपल्याची खूण घातली, तरी ‘सांत्वन’ बिघडलेंच. कारण पायथन भाषेच्या नेहमींच्या साधनास पाय मोडण्याचें चिन्ह अक्षर वाटत नाहीं. शब्द ‘त’पाशींच संपला असें तें समजतें. म्हणून ‘त’पुढें रिकामी जागा, विरामचिन्ह किंवा ओळीचा शेवट असलाच पाहिजे असें लिहिलें, व तें चिन्ह गोल कंसांत धरून बदललेल्या शब्दापुढें परत ठेविलें. ‘शांत’, ‘प्रांत’, ‘एकांत’ ह्यांची वेगळी यादी करावी लागली. आतां आज्ञावली आधीं जुळलेल्या ओळी नुसत्या दाखविते. बदल मागाहून, तोही नकलेवर.

एक अडचण मात्र सांच्यानें सुटत नाहीं. नव्या नियमांतही अनेकवचनाचा अनुस्वार राहतो: एका घरीं ‘घरात’, अनेक घरीं ‘घरांत’. जुन्या लेखांत दोन्ही रूपें सारखींच. ‘नाताळच्या रात्रीं घरांत दिवे लागले’ ह्या वाक्यांतील दिवे एका घराचे कीं साऱ्या आळीचे, हें ठरविण्यास आम्हांस मागील परिच्छेद दोनदां वाचावा लागला.