रस्ता झाला, किराया वाढला

(लेखमाला : बदलतं गाव – लेखांक ६)

मागच्या आठवड्यात आपण गावाच्या कडेला लेआऊट कसे पडतात ते पाहिलं. शेत अकृषक कसं होतं, गुंठ्यागुंठ्यानं कसं विकलं जातं आणि त्यावर वस्ती कशी उभी राहते, हे समजून घेतलं. आज गावाच्या आत येऊ. इथली जमीन जुनी, घरं जुनी आणि माणसंही जुनी. नवा आहे तो फक्त भाव. अशा गल्लीत किरायानं राहणाऱ्या माणसाचं रोजचं जगणं कसं बदलतं, हा आजचा विषय. हे मुंबई-पुण्याचं दुखणं आहे, आपल्या वाशिमला त्याचं काय, असं वाचकांना वाटत असेल, तर आधी आपल्याच गावाकडे बघू.

इंग्रजी अमलात वाशिम जिल्ह्याचं ठिकाण होतं. १९०५ साली वऱ्हाडातल्या जिल्ह्यांची फेररचना झाली आणि वाशिम जिल्हा मोडला. वाशिम आणि मंगरूळ हे तालुके अकोल्याला जोडले गेले, पुसद यवतमाळकडे गेलं. त्यानंतर त्र्याण्णव वर्षं हे तालुक्याचं गाव राहिलं. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम पुन्हा जिल्हा झाला. जिल्हा होणं म्हणजे नुसती पाटी बदलणं नव्हे. जिल्हाधिकारी कार्यालय येतं, जिल्हा परिषद येते, पोलीस अधीक्षक येतात, आणि त्यांच्यामागे बदलीवर आलेली माणसं येतात. ती पगारदार असतात, एक तारखेला किराया देतात. त्यांना स्वतंत्र नळ, स्वतंत्र संडास आणि गाडी लावायला जागा असलेलं घर हवं असतं. ज्या गावात किरायाचं घर म्हणजे वाड्यातल्या दोन खोल्या आणि सगळ्यांत मिळून एक मोरी, तिथं या मागणीनं पहिली ढवळाढवळ केली.

पुढचे बदल एकामागून एक आले. २००८ साली अकोला-पूर्णा मार्गाचं रुंदीकरण होऊन ब्रॉडगेज गाडी वाशिमवरून धावू लागली. अकोल्याहून वाशिम, हिंगोलीवरून नांदेडकडे जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग १६१ झाला. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातल्या कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून गेला. त्याचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी हा महामार्ग मुंबईच्या बाजूनंही पूर्ण झाला. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यांत वाशिमचंही होतं. देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत, म्हणजे सरळ शब्दांत मागे राहिलेल्या जिल्ह्यांच्या यादीत, वाशिमचं नाव आहे. अशा जिल्ह्यात या सगळ्याचा आनंदच व्हायला हवा, आणि मला तो होतो. डॉक्टर इथंच शिकणार असतील तर त्याहून मोठी गोष्ट ती कोणती?

पण जी सोय गावाला मिळते, तिचं बिल सगळ्यांना सारखं येत नाही. रस्ता झाला की घरमालकाच्या जमिनीचा भाव वाढतो. तोच रस्ता किरायेदाराच्या दारापुढूनही जातो, आणि त्याचा किराया वाढतो. एकाच रस्त्यातून एकाला संपत्ती मिळते आणि दुसऱ्याला खर्च.

हे का होतं, याचा एक सोपा हिशेब १९७९ साली नील स्मिथ या भूगोलाच्या अभ्यासकानं मांडला. एखादी जागा आज जेवढं उत्पन्न देते आणि तिचा पुरेपूर वापर केला तर जेवढं देऊ शकेल, या दोहोंत जसजसं अंतर पडत जातं, तसतसा त्या जागेवर दबाव वाढतो. समजा, बाजाराजवळ एक धाब्याचं घर आहे. चार किरायेदार आहेत, चौघांचे मिळून महिन्याला सहा हजार येतात. त्याच जागेवर खाली दुकानं आणि वर विद्यार्थ्यांच्या खोल्या काढल्या तर साठ हजार येतील. रस्ता नव्हता तेव्हा हा फरक जाणवत नव्हता. रस्ता झाल्यावर तो दलालाला दिसतो, मग मालकाच्या पुण्यातल्या भावाला दिसतो, आणि मग घरात वाटणीची बोलणी सुरू होतात. म्हणून पडकी, दुरुस्ती न झालेली घरंच आधी विकली जातात. तिथं अंतर सगळ्यात जास्त असतं. स्मिथच्या पंधरा वर्षं आधी, १९६४ मध्ये, रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी लंडनच्या कामगार वस्त्यांत हीच चाल नोंदवली होती. एकदा सुरुवात झाली की ती भराभर पसरते आणि मूळचे बहुतेक लोक हलेपर्यंत थांबत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मालकाची बाजूही नीट ऐकली पाहिजे. देवपेठ, शुक्रवार पेठ अशा जुन्या भागांतल्या कितीतरी घरांचे वारसच आज पंधरा-वीस आहेत. काही किरायेदार तीन पिढ्यांपासून नाममात्र किरायावर बसलेले. विदर्भात ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’चा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश लागू होता. घर खाली करून घ्यायची नोटीस देण्याआधीच मालकाला रेंट कंट्रोलरची परवानगी काढावी लागे. घरात चार पैसे घालून दुरुस्ती करावी असं त्या व्यवस्थेत कुणालाही वाटत नव्हतं, ना मालकाला, ना किरायेदाराला. भिंती त्यामुळेच खचल्या. अशा मालकाला खलनायक ठरवणं अन्यायाचं होईल. शिवाय नगर परिषदेची चतुर्थ वार्षिक करआकारणी झाली की त्याचाही टॅक्स वाढतो, हातात वाढीव पैसा आलेला नसला तरी.

तरीही हलावं लागतं ते किरायेदारालाच. कुणी हाकलत नाही, सगळं गोडीगुलाबीत होतं. “पोराचं लग्न काढलंय, खोल्या लागतील.” “भाऊ, सहा महिन्यांत बघा कुठं.” अकरा महिन्यांचा करार तिसऱ्यांदा होताना किरायात हजार रुपये चढतात. काही ठिकाणी तर आधी आडनाव विचारतात, मग जेवण-खाण विचारतात, आणि मग खोली ‘आत्ताच दिली’ असते. या वागण्याला माझ्या मते सबब नाही. गाव मोठं होत असताना माणसं जातीधर्मानुसार वेगवेगळ्या कोपऱ्यांत ढकलली जात असतील, तर त्या वाढीत मोठी खोट आहे.

हललेल्या कुटुंबाचं नुकसान किरायाच्या आकड्यात दिसत नाही. बाजारालगत राहणारी, चार घरची धुणीभांडी करणारी बाई पायी कामावर जायची. गावाबाहेर गेल्यावर तिला दोन्ही वेळा ऑटो लागतो, नाहीतर दोन घरं सोडावी लागतात. किराणा दुकानात तिचं खातं होतं. पोळ्याच्या आधी हात आखडला तरी सामान मिळायचं. नव्या वस्तीत ही ओळख नसते, तिथं रोखीनंच घ्यावं लागतं. पोरांची शाळा लांब पडते. शेजारची आजी दुपारी लेकराकडे बघायची, ती सोय जाते. पाण्याचंही तसंच. एकबुर्जी धरणाचं पाणी उन्हाळ्यात जपून पुरवावं लागतं, तेव्हा वाड्यातला एक नळ चार बिऱ्हाडं पाळी लावून भरत. शेजारी नवी इमारत आली की तिला स्वतःची टाकी, स्वतःची मोटर, स्वतःचं बोअर. पाळी मोडते आणि पाण्याचा दाब कमी पडतो. या सगळ्याला बाजारभाव नाही, म्हणून विकासाच्या हिशेबात ते कुणी मांडत नाही.

ही चाल शेवटपर्यंत गेली तर काय होतं, ते महाराष्ट्रानं मुंबईच्या गिरणगावात पाहिलं आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि शहराच्या मध्यावर सुमारे सहाशे एकर जमीन मोकळी व्हायच्या बेतात आली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमानं त्या जमिनीचे तीन वाटे केले. एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. वाटणी चांगली होती. पण २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी गिरणीच्या सगळ्या जमिनीची न होता, जिच्यावर आधीपासून बांधकाम नव्हतं तेवढ्याच जमिनीची करायचं ठरलं. गिरण्यांची बहुतेक जमीन शेडखाली होती, त्यामुळे शहराच्या आणि म्हाडाच्या वाट्याला फार थोडी उरली. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये या बदलाविरुद्ध निकाल दिला, पण ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. एका नियमातल्या एका दुरुस्तीनं लाखो माणसांच्या शेजाराचं भविष्य ठरलं.

लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला. कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आणि हॉटेलं आली. आजूबाजूच्या चाळी मात्र तिथंच होत्या, दहा बाय बाराच्या खोल्या आणि सामाईक संडासांसह. कामगार पायी गिरणीत जायचे, त्या हिशेबानं तिथले रस्ते आणि स्थानकं होती. तेवढ्याच जागेत आता लाखांनी नोकरदार उतरू लागले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आगीत १४ जण गेले. चाळीतल्या मुलांनी ओळखीची घरं विकून डोंबिवली, बदलापूर, विरार गाठलं आणि त्याच परळला नोकरीसाठी लोकलनं परत येऊ लागली. गिरणी कामगारांच्या घरांची म्हाडाची पहिली सोडत निघाली २०१२ मध्ये, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनी. घरं होती ६,९२५ आणि अर्ज जवळपास दीड लाख. आता उरलेल्यांना शेलू आणि वांगणीची घरं दाखवली जातात, आणि मुंबईत घाम गाळलेल्या माणसांना मुंबईतच घर हवं म्हणून आझाद मैदानावर मोर्चे निघतात.

त्याच परिसरात याच्या उलटही घडलं आहे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात सरकारच्या विकास विभागानं बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकासात रहिवाशांना त्याच ठिकाणी ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर द्यायचं ठरलं आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीत ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. वस्ती सुधारली आणि तिथलीच माणसं तिथं राहिली. फरक कशानं पडला? जमीन सरकारी होती, हा एक भाग. दुसरा भाग आपल्या कामाचा आहे. कोणत्या खोलीत कोण राहतं, याचा कागद होता, आणि त्या कागदावरून पात्रता ठरली. ज्यांच्या कागदात खोट होती, त्यांना तिथंही फेऱ्या माराव्या लागल्या.

वाशिममधल्या किरायेदाराकडे काय कागद आहे? बहुतेकांकडे काहीच नाही. किराया हातात दिला जातो, पावती मागितली तर ‘विश्वास नाही का’ असं होतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे आणि त्याच्या अनुसूचीत दिलेल्या भागांना लागू होतो. किरायाची पावती देणं त्यात मालकावर बंधनकारक आहे, न देणं हा गुन्हा आहे. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती त्यानं केली नाही, तर अटींबाबत किरायेदार जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. घर खाली व्हावं म्हणून नळ किंवा वीज तोडता येत नाही. मात्र ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणून सही केली असेल तर हे संरक्षण फार कमी होतं. मुदत संपली की जागा सोडावीच लागते. म्हणून सही करण्याआधी कराराच्या डोक्यावर काय लिहिलं आहे ते वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या.

मालकांनाही एक विनंती. घर पाडायचं ठरवलंच असेल, तर जुन्या किरायेदाराशी आधी बोला, नव्या बांधकामात त्याला एक खोली परवडेल अशा किरायानं देता येते का ते बघा आणि ते लिहून द्या. नगर परिषदेनंही नव्या रस्त्यांच्या आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या आजूबाजूला वसतिगृहं आणि कमी किरायाची घरं यांसाठी जागा आत्ताच राखून ठेवायला हवी. भाव चढल्यावर ती मिळणार नाही. गिरणगावात तीस वर्षं उशीर झाला. आपल्याकडे अजून वेळ आहे.

किरायानं राहत असाल तर या महिन्यापासून पावती घ्या. पावती मिळत नसेल तर किराया बँकेतून किंवा मोबाईलवरून पाठवा, म्हणजे नोंद राहील. स्वतःचं घर असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून आखीव पत्रिका काढा आणि तिच्यावर कुणाचं नाव आहे, जमीन मालकीची आहे की नझूलची, म्हणजे सरकारी, ते बघून ठेवा. नझूल जमिनीचे भाडेपट्टे हा विदर्भातल्या जुन्या वस्त्यांचा मोठा प्रश्न आहे, आणि पुढच्या लेखांकात तोच घ्यायचा आहे. पत्रिका तोवर हाताशी असू द्या.