गाठीच्या रिपोर्टमधलं ‘हर-टू’ म्हणजे काय?

मोहगाव (जि. पांढुर्णा) : मोहगाव-सौसरहून कर्करोगाच्या उपचारासाठी नागपूर जवळचं. तिथे स्तनातल्या गाठीचा तुकडा तपासला, की रिपोर्टवर ‘हर-टू’ असा शब्द दिसतो. हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. वाढीचा निरोप आत पोचवणं हे त्याचं काम. निरोगी पेशीत ते मोजकंच असतं. पण शंभरातल्या साधारण १५ ते २० रुग्णांत ते बेसुमार वाढतं, अन् पेशी वाढायची थांबतच नाही.

रिपोर्टवर ‘३+’ म्हणजे पॉझिटिव्ह. ‘२+’ असेल तर ‘फिश’ ही पुढची तपासणी लागते. पॉझिटिव्ह निघाल्यास ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन नेमकं त्या प्रथिनालाच अडवतं. २०१४ पासून ते भारतीय बनावटीचंही मिळतं. म्हणून रिपोर्ट नुसता पिशवीत ठेवू नका. डॉक्टरांना विचारा, ‘हर-टू किती आलं?’