स्वमग्न बालक, त्याची माता आणि शाळा

प्राथमिक शाळेच्या वर्गात एखादा मुलगा असा येतो की, नावाने हाक मारली तरी तो वळून पाहत नाही. शिक्षकांनी प्रश्न विचारला असता उत्तर न देता तोच प्रश्न पुन्हा उच्चारतो. शाळेची घंटा वाजताच कान झाकून ओरडू लागतो. अशा मुलास हट्टी, लाडावलेला किंवा मंदबुद्धी ठरविणे सोपे असते. परंतु तो स्वमग्न असण्याचा संभव असतो, आणि तसे असल्यास त्याचे पुढील आयुष्य पुष्कळ अंशी शाळेच्या वर्तनावर अवलंबून राहते. हा विषय सामान्य लोकांपर्यंत पोहोचविणारी एक दूरचित्रवाणी मालिका जपानमध्ये होऊन गेली. तिचा परिचय शिक्षकांस उद्बोधक ठरेल.

मालिकेचे कथानक

‘हिकारी तो तोमो नि’ ही मालिका एप्रिल ते जून २००४ या काळात निप्पॉन दूरचित्रवाणीवरून प्रसारित झाली. केइको तोबे या लेखिकेच्या चित्रकथेवर ती आधारलेली असून मातेची भूमिका रिओको शिनोहारा या अभिनेत्रीने केली होती. ‘हिकारी’ याचा अर्थ प्रकाश; मुलाचे नाव हिकारू. साचिको या तरुण मातेचा हा मुलगा कडेवर घेतले तरी बिलगत नाही, बोलत नाही, आईच्या डोळ्यांत पाहत नाही. सासू मुलाच्या वागण्याचा दोष सुनेच्या संगोपनास देते. पुढे मुलाचे निदान होते. पण निदानाने दुःख संपत नाही, केवळ त्यास नाव मिळते. त्यानंतर आई मुलाला ओळखू लागते, वडीलही हळूहळू तिच्या बाजूला येतात आणि मुलगा साध्या प्राथमिक शाळेतील विशेष वर्गात जाऊ लागतो.

या कथेत मुलगा बरा होत नाही, किंवा त्याच्या अंगी लपलेली एखादी अलौकिक बुद्धीही प्रकट होत नाही. १९८८ सालच्या ‘रेन मॅन’ या अमेरिकी चित्रपटामुळे प्रत्येक स्वमग्न व्यक्ती असामान्य स्मरणशक्तीची असते, असा समज पसरला; तो बरोबर नाही. हिकारू केवळ एकेक लहान गोष्ट शिकत जातो, आणि तेवढ्याने आईला आनंद होतो. मालिकेचे खरे मोल यातच आहे.

स्वमग्नता म्हणजे काय?

१९४३ साली लिओ कॅनर या अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञाने ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. तेथून या अवस्थेचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. ही मेंदूच्या विकासातील जन्मजात भिन्नता होय, व तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. इतरांशी संवाद साधणे कठीण जाणे, ठराविक क्रमाचा व कृतींचा आग्रह असणे, आणि आवाज, प्रकाश किंवा स्पर्श यांचा अतिशय त्रास होणे अथवा तो फारच कमी जाणवणे, ही तिची मुख्य लक्षणे. प्रत्येक मुलात त्यांचे प्रमाण निराळे असते.

मराठीतील ‘स्वमग्नता’ व जपानी भाषेतील ‘जिहेइशो’ या दोन्ही शब्दांमुळे मूल जाणूनबुजून स्वतःस कोंडून घेते, असा भास होतो. वस्तुतः पुष्कळदा त्यास इतरांजवळ यावयाचे असते, परंतु मार्ग सापडत नाही.

दोष मातेचा नव्हे

विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य देशांतील काही तज्ज्ञांनी आईच्या थंड वागणुकीमुळे मूल स्वमग्न होते, असे मत मांडले होते. स्वतः एका स्वमग्न मुलाचे पिता असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ साली ग्रंथ लिहून या मताचा प्रतिवाद केला, आणि पुढील संशोधनाने ते मत टाकाऊ ठरले. शास्त्राने सोडलेले हे मत घराघरांत मात्र टिकून आहे. म्हणून आई शाळेत आली असता “घरी वळण लावले नाही” असे उद्गार शिक्षकांच्या तोंडून कदापि निघू नयेत. मुलास काय आवडते, कशाचे भय वाटते, तो कशाने शांत होतो, हे सर्वांत अधिक तिलाच ठाऊक असते. ते तिच्याकडून समजून घ्यावे.

वर्गात काय करावे?

निदान करणे हे शिक्षकांचे काम नव्हे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळेत येतात, तेव्हा अशा मुलाकडे त्यांचे लक्ष वेधावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रवेश नाकारण्यास हे कारण होऊ शकत नाही.

वर्गात पुढील गोष्टी सहज करता येतात. सूचना लहान वाक्यात, एका वेळी एकच द्यावी. प्रार्थना, वाचन, भोजन, खेळ असा दिवसाचा क्रम चित्रांनी दाखवून तो तक्ता मुलास दिसेल असा लावावा. क्रमात बदल होणार असल्यास आधी सांगावे. मूल आवाजाने बेचैन झाल्यास त्यास शांत कोपऱ्यात बसू द्यावे. डोळ्यांत पाहण्याची सक्ती करू नये. एक समजूतदार सोबती नेमून द्यावा. शारीरिक शिक्षा कायद्याने सर्वच मुलांना निषिद्ध आहे. या मुलास तर ती का झाली हेही उमगत नाही, केवळ शाळेचे भय बसते.

बदली आणि नोंद

चित्रकथेत हिकारूच्या जिव्हाळ्याच्या शिक्षकांची बदली होते. आपल्याकडील शिक्षकांनाही हा प्रसंग अपरिचित नाही. इतर मुले नवे शिक्षक लवकर स्वीकारतात; स्वमग्न मुलाचे मात्र वर्षभराचे कष्ट वाया जाण्याचा संभव असतो, कारण जुन्या शिक्षकांना जे कळले ते नव्यांना ठाऊक नसते. तेव्हा एका कागदावर त्याच्या आवडीनिवडी, भीती, शांत करण्याचे उपाय आणि तो आजवर काय शिकला, हे लिहून ठेवावे. एक प्रत आईस द्यावी, एक नव्या शिक्षकांच्या हाती ठेवावी. आई निरक्षर असल्यास कागद तिला वाचून दाखवावा. शाळेने आपला मुलगा ओळखला, याचा तो तिच्यापाशी राहणारा पुरावा होय.