पिसाची माशी

वसई-अर्नाळ्याकडे गळाला कोळंबी लावून खाडीतला मासा धरतात, हे आपणांस ठाऊकच आहे. पण कोळंबी नाही, किडा नाही, नुसते पीस लावून मासा धरता येतो म्हटले तर? काश्मीरच्या लिद्दर नदीत ट्राउट मासा असा धरतात. इंग्रजी अमदानीत तो विलायतेहून आणून तिथे सोडला. त्याला थंड, वाहते पाणी लागते. आपल्या खाडीत तो जगायचा नाही.

पाण्यातल्या दगडांखाली किड्यांची पिल्ले असतात. ट्राउट ती आवडीने खातो. इंग्लंडातले नदीराखे फ्रँक सॉयर यांनी ती निरखली आणि फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसातून तसेच पिल्लू घडवले. दोरा मुळीच नाही! गळाच्या दांडीवर तांब्याची बारीक तार गुंडाळायची, छातीच्या जागी जरा फुगीर. पिसाचे चार तंतू घ्यायचे; टोके मागे शेपटीसारखी सोडायची, उरलेले तारेला पीळ देऊन दांडीवर गुंडाळायचे. तारेने बांधणी होते, आणि वजनही मिळते.

ही माशी प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकतात. ती बुडून पाण्याबरोबर वाहत यावी; ओढली की मासा संशय घेतो. दोरी क्षणभर थबकली, की काठी लगेच उचलायची. उशीर झाला तर मासा पीस थुंकून टाकतो.

शिक्षक बंधूंनो, पावसाळा ओसरल्यावर मुलांना जवळच्या ओढ्यावर न्या. एखादा दगड हळूच उलटा, खाली काय वळवळते ते दाखवा, आणि दगड होता तसा ठेवा. मासा काय खातो हे ज्याने पाहिले, त्यालाच गळ साधतो.